गाळलेल्या जागा

साखर कारखान्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. सुकुमार चौगुलेंची प्रयोगशाळा गाळपघराला लागूनच होती. हंगामात तिथे माणसं ओठ बघून बोलायची. उसाच्या रसातली साखर मोजता मोजता चौगुलेंनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. निवृत्त होऊन कोल्हापूरच्या घरात स्थिरावले तेव्हा सहावी डोक्यात होती आणि कान निम्मे गेले होते.

केमिस्ट असल्यामुळे आपल्याला काय झालंय ते त्यांना नीट ठाऊक होतं. कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते. तिच्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात आणि प्रत्येक पेशी आपल्या वाटणीचा सूर पकडते. उंच पट्टीचे सूर पकडणाऱ्या पेशी आधी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. मग स्वर तेवढे पोचतात. स, त, क, ख ही व्यंजनं वाटेतच गळतात. समोरचा ‘साखर’ म्हणतो, आपल्याला ‘आ-अर’ ऐकू येतं. जुनी श्रवणयंत्रं हाच ‘आ-अर’ मोठ्यानं ऐकवायची. मोठ्यानं ऐकून तो काही ‘साखर’ होत नाही.

नवं यंत्र वेगळं होतं. डॉ. तबस्सुम नदाफ यांनी ते बसवताना समजावून सांगितलं होतं. “सर, हे आवाज वाढवत नाही. गळलेली अक्षरं भरून काढतं. वर्गात आपण गाळलेल्या जागा भरायचो ना, तसं. भाषेचा अंदाज त्याला आहे. तुमच्या घरातल्यांचे आवाज ते आठवड्याभरात शिकेल, आणि जे ऐकू आलं नाही ते त्यांच्याच आवाजात ऐकवेल. कंपनी याला पूरण म्हणते.”

“पोळी कुठंय मग?” त्यांच्या पत्नी राजमतीबाई म्हणाल्या होत्या. सगळे हसले होते आणि चौगुलेंनी तो विनोद पुन्हा सांगायला न लावता ऐकला होता. कित्येक वर्षांनी.

त्यानंतरचे काही महिने सुखाचे गेले. सकाळी चहानंतर ते लिहायला बसत. दुपारी जेवून विज्ञानाची मासिकं वाचत. जनुकं, बॅटऱ्या, समुद्रतळावरचे जिवाणू, काहीही. उन्हं कलली की गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जात. तिथे म्हशी समोर पिळतात आणि धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात. दूध हे निमित्त. कट्ट्यावरची बोलणी हा चौगुलेंचा कच्चा माल होता. त्यांच्या कादंबऱ्यांत वर्णनं बेताची असत, पण माणसं बोलायला लागली की वाचणारा पुस्तक खाली ठेवत नसे. आता पुन्हा सगळं ऐकू येत होतं. सहावी कादंबरी, कारखान्यावरची, भराभर पुढे सरकत होती.

प्रत्येक प्रकरण झालं की ते राजमतीबाई वाचत. ही रीत पहिल्या पुस्तकापासूनची. “हा गडी असा बोलणार नाही,” एवढंच त्या म्हणत, आणि चौगुले ते पान पुन्हा लिहीत. या खेपेला मात्र त्या प्रकरण वाचून टेबलावर ठेवत आणि “बरं आहे” म्हणत.

मग एका सकाळी ते पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात चिमणीचा पंखा घरघरत होता. राजमतीबाई पाठमोऱ्या, फोन कानाशी. पलीकडे अनघा देवस्थळी असणार, चौगुलेंच्या प्रकाशनसंस्थेची संपादक. तिच्याशी बाईंचं परस्पर सूत जमलेलं होतं.

“यांना आता जमंना झालंय ओ,” राजमतीबाई म्हणाल्या. “पण सांगायचं कुणी?”

आणि मिक्सर सुरू केला.

चौगुले पाणी न पिताच परतले. खोलीत येऊन खुर्चीवर बसले. ‘काय जमंना झालंय?’ असं त्यांनी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. आयुष्यभर ‘काय? काय?’ करणाऱ्या माणसाला तेवढा एकच ‘काय’ तोंडातून काढता आला नाही.

त्या दिवसापासून ते कान देऊन ऐकू लागले. बाई फोनवर असल्या की पॅसेजमध्ये रेंगाळायचे. वर्तमानपत्र उलटं धरून बसायचे. आणि ऐकू येतही गेलं. एकदा आलं, “त्यांना कळता कामा नये.” एकदा आलं, “तुम्हीच दुसऱ्या कुणाकडून पूर्ण करून घ्या.”

दुसऱ्या कुणाकडून! थकलेल्या लेखकांची अर्धी पुस्तकं प्रकाशक हल्ली यंत्राकडून पुरी करून घेतात, अशी कुजबुज त्यांनी ऐकली होती. लेखकाची जुनी पुस्तकं यंत्राला खाऊ घालायची, मग ते हुबेहूब त्याच्यासारखं लिहितं. घरातल्या माणसानं कच्चे खर्डे पुरवले तर आणखीच हुबेहूब. संगणक उघडायचा शब्द राजमतीबाईंना माहीत होता. त्यांनी तो बदलला. प्रकरणं दाखवणं बंद केलं.

“पुढचं झालं नाही?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“रोज तर लिहिताय.”

“लिहितोय. झालं की सांगीन.”

जेवताना त्या समोर बसत तेव्हा चौगुले त्यांच्या तोंडाकडे बघत. इतक्या वर्षांचं ओळखीचं तोंड. त्यामागे काय चाललंय ते कधी तपासावं लागलं नव्हतं. आता आमटी वाढतानाचा त्यांचा हातसुद्धा काहीतरी लपवतोय असं वाटे.

शेवटी अनघाचा फोन आला. कादंबरी कुठवर आली, एवढंच ती विचारत होती. चौगुले म्हणाले, “कादंबरी देणार नाही. तुम्हाला नाही, कुणालाच नाही. आणि माझ्या घरी परत फोन करू नका.” ती काहीतरी म्हणत असताना त्यांनी फोन ठेवला. वीस वर्षांचे संबंध होते.

राजमतीबाई दारात उभ्या होत्या. “त्या पोरीला असं बोलायचं काय कारण?”

“कारण तुला ठाऊक आहे. माझ्या पाठीमागे तुमचं दोघींचं काय शिजतंय ते मला सगळं ऐकू येतं, राजमती. सगळं. मी पूर्वीचा बहिरा राहिलो नाही.”

“काय ऐकू येतं?”

त्यांनी ती दोन वाक्यं म्हणून दाखवली. कळता कामा नये. दुसऱ्या कुणाकडून पूर्ण करून घ्या. पहिलं वाक्य, जमंना झालंय ते, मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही.

“मी असं कधी बोलले नाही,” त्या म्हणाल्या.

“माझ्या कानांनी ऐकलंय.”

“मग राहा त्या कानांबरोबर. मी जयसिंगपूरला ताईकडे जाते.”

आणि त्या खरंच गेल्या.

घर रिकामं झाल्यावर चौगुलेंना लिहायला उसंतच उसंत होती, आणि एक ओळ सुचत नव्हती. संध्याकाळी ते सवयीनं कट्ट्यावर गेले. रोज त्यांना दूध देणाऱ्या सर्जेराव पाटलांची म्हैस नेहमीच्या जागी नव्हती. सर्जेराव नुसतेच मोटरसायकलला टेकून उभे होते.

“आज म्हैस आली नाही, साहेब,” ते म्हणाले. “तिचा पाय मुरगळला आहे.”

चौगुले मान हलवून वळले, चार पावलं गेले आणि थांबले. मुरगळला आहे? सर्जेराव पाटील, जन्म गंगावेशीतला, ‘मुरगळला आहे’ म्हणतो? बातम्या सांगतोय की काय?

ते मागे फिरले. खिशातला फोन काढून लिहून घेण्यावर लावला. समोरच्याचं बोलणं ऐकून ते जसंच्या तसं पडद्यावर उमटवायची सोय त्यात होती. “सर्जेराव, काय झालं म्हणालात म्हशीला?”

कानात ऐकू आलं, “पाय मुरगळला आहे हो. उतारावरून घसरली.”

पडद्यावर उमटलं, ‘पाय मुरगाळलाय न्हवं का तिचा. उतरणीला घसारली बगा.’

चौगुलेंनी ते पुन्हा वाचलं. मग आजूबाजूला बघितलं. कट्टा माणसांनी भरलेला होता. कुणी हसत होतं, कुणी भांडत होतं. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. आणि आता लक्ष देऊन ऐकल्यावर सगळेच एकाच शाळेत शिकल्यासारखे बोलत होते.

ते घाईनं घरी आले. फोनवर राजमतीबाईंचा एक निरोप दोन दिवस पडून होता, त्यांच्याच आवाजातला. चौगुलेंनी तो रागानं ऐकून सोडून दिला होता. आता पुन्हा लावला. कानात बाईंचा आवाज म्हणाला, “मी बुधवारी येते. गोळ्या घ्या.” त्यांनी तोच निरोप फोनला लिहून दाखवायला सांगितला.

‘मी बुधवारी येतो. गोळ्या घेतल्या काय?’

येतो. राजमतीबाई कोल्हापुरात वाढलेल्या. इथल्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, आणि लग्न झाल्यापासून त्या तशाच बोलत आल्या होत्या. गेले किती महिने त्या ‘येते, जाते’ म्हणत होत्या आणि चौगुलेंना, बोलण्यावरच पोट भरणाऱ्या माणसाला, ते खटकलंही नव्हतं. काळजीनं विचारलेला प्रश्न यंत्रानं हुकूम करून कानात टाकला होता.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच ते डॉ. नदाफांच्या दारात होते. डॉक्टरांनी यंत्र कानातच ठेवून संगणकाला जोडलं. आत आलेला आवाज आणि यंत्रानं कानात दिलेला आवाज, दोन्ही त्यात काही आठवडे साठून राहत. पडद्यावर दोन पट्ट्या दिसू लागल्या. वरची मूळ, खालची दिलेली.

“हे बघा,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी राजमतीबाईंचं एक वाक्य शोधून काढलं होतं. त्या मूळ वाक्य कागदावर लिहून दाखवत होत्या, कारण ऐकवायचं तर त्याच यंत्रातून ऐकवावं लागलं असतं. “बाई म्हणाल्यात, ‘त्यांना कळतंय, नाही असं नाही.’ पंख्याचा आवाज होता, मधली अक्षरं बुडाली. यंत्रानं केलं, ‘त्यांना कळता कामा नये.’”

“आणि ‘दुसऱ्या कुणाकडून पूर्ण करून घ्या’?”

डॉक्टरांनी शोधलं. “‘मुखपृष्ठ तुम्हीच दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.’ ‘मुखपृष्ठ’ गेलं, ‘पूर्ण’ आलं.”

“पण असं कसं भरतं? भलतंच का?”

“सर, बोलणाऱ्याचे ओठ हलतायत आणि आवाज मागून येतोय, असं चालत नाही. म्हणून ते शब्द संपायच्या आत पुढचा शब्द ताडतं. आणि ओळखीच्या आवाजाचा त्याला जास्त भरवसा असतो. परक्या माणसाचं बोलणं ते जपून भरतं. घरातल्या माणसाचं बिनधास्त.”

“म्हणजे माणूस जितकं जवळचं, तितकं मला त्याचं कमी ऐकू येतं.”

डॉक्टर म्हणाल्या, “आणखी एक आहे. बरोबर भरलं की चूक, हे त्याला कळायचं कसं? तुमच्यावरून. तुम्ही ‘काय?’ म्हणालात की आपलं चुकलं असं ते धरतं. नाही म्हणालात तर बरोबर. ते खरं सांगायला शिकत नाही, सर. तुम्ही परत विचारू नये असं सांगायला शिकतं. मध्यंतरी तुम्ही कुठल्या वाक्यांना ‘काय?’ विचारत नव्हता?”

पॅसेजमध्ये उलटं वर्तमानपत्र धरून बसलेला एक म्हातारा चौगुलेंच्या डोळ्यांसमोर आला. संशयाचं वाक्य कानात पडलं की तो ते चटकन झेलायचा. यंत्र त्याला तेच देत गेलं.

“पहिलं एक वाक्य आहे,” ते शेवटी म्हणाले. “अडीच-तीन महिन्यांपूर्वीचं.”

“ते आता पुसलं गेलं असणार. पण तेही असंच असेल, सर. मनाला लावून घेऊ नका. पूरण बंद करून देऊ का? मग शब्द तुटक येतील. निम्मं बोलणं परत विचारावं लागेल.”

“बंद करा,” चौगुले म्हणाले.

जयसिंगपूरच्या विजेच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. कंडक्टर काय म्हणाला ते तीनदा विचारावं लागलं. पण मन हलकं होतं. यंत्राचा दोष. सगळं यंत्राचं. जाऊन माफी मागायची, अनघाला फोन करायचा, प्रकरणं पुन्हा टेबलावर ठेवायची. हातकणंगले गेलं. मनातल्या मनात ते पहिलं वाक्यही यंत्राच्या नावावर टाकायला गेले, आणि तिथे थबकले.

‘यांना आता जमंना झालंय ओ.’

जमंना. यंत्राला ‘जमंना’ येत नव्हतं. ते म्हणालं असतं, ‘जमत नाही’. सर्जेरावांचं ‘घसारली’ त्याने ‘घसरली’ केलं, राजमतीबाईंचं ‘येतो’ त्याने ‘येते’ केलं. एवढं एकच वाक्य महिनोन् महिन्यांत जसंच्या तसं त्यांच्या कानापर्यंत आलं होतं. रसाचा नमुना हातात घेतल्यासारखं त्यांनी ते वाक्य उलटसुलट करून बघितलं. त्यात भेसळ नव्हती.

ताईंच्या घरी अंगणात राजमतीबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. चौगुले समोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. फोनवरचं लिखाण, दवाखान्यातल्या दोन पट्ट्या, मुखपृष्ठ. बाई ऐकत होत्या. हात थांबले होते.

“म्हणजे,” त्या सावकाश, त्यांना ओठ दिसतील अशा बेतानं म्हणाल्या, “इतके महिने मी जे बोलत होतो, ते तुमच्यापर्यंत येतच नव्हतं?”

“थोडं यायचं. बाकीचं ते भरायचं.”

“आणि तुम्ही हसत होता. हूं म्हणत होता. माझ्या आईला जाऊन वर्ष झालं त्यादिवशी मी रडत काय काय सांगितलं तुम्हाला. तेव्हा तुम्ही कुणाचं ऐकलासा?”

चौगुलेंना आठवत होतं की त्या दिवशी बाई थोडक्यात, शहाण्यासारखं बोलल्या होत्या. राजमतीबाई त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जणू घरात इतके दिवस तिसरं कुणी राहत होतं आणि त्यांना आज कळलं.

चौगुले म्हणाले, “आणखी एक वाक्य होतं. जे मला पहिल्यांदा लागलं. मला जमंना झालंय, असं. तेही त्या यंत्राचंच असेल म्हणा. डॉक्टरसुद्धा तसंच म्हणाल्या.”

त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. बाईंनी फक्त ‘होय’ म्हणायचं होतं. मग दोघं शेवटच्या बसनं घरी गेले असते.

राजमतीबाईंनी मांडीवरची टरफलं झटकली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “ते मीच बोललो.”

“असं?”

“होय. आणि तुमच्या तोंडावर बोलायला पाहिजे होतं. धीर झाला नाही. तुम्ही एवढ्या खुशीत लिहीत होता.”

“काय जमंना झालंय?”

“माणसं. तो तुमचा बॉयलरवरचा गडी आणि चेअरमन, दोघं एकसारखेच बोलतात. बायका पण. सगळी नीटनेटकी. कुणी मध्येच अडखळत नाही, कुणी वेडंवाकडं बोलत नाही. मला वाटलं वय झालं. वाचवंना मला.”

चौगुले मान खाली घालून बसले. लागायचं ते लागलंच. पण त्या लागण्याच्या खाली त्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. त्यांनी कानात आलं तसं लिहिलं होतं. प्रामाणिकपणे, अक्षरन् अक्षर. कट्ट्यावरच्या माणसांचं म्हणून त्यांनी जे उतरवून घेतलं ते त्या माणसांनी कधी उच्चारलंच नव्हतं. ज्या यंत्रानं आपली कादंबरी दुसरं कुणी पुरी करील अशी भीती त्यांना घातली, त्यानंच ती निम्मी लिहून ठेवली होती.

“पहिल्यापासून लिहायला लागेल,” ते म्हणाले.

“लागेल की.”

बाई त्या दिवशी परत आल्या नाहीत. बुधवारी आल्या, ठरल्याप्रमाणे. अनघाला चौगुलेंनी फोन केला, तिचं निम्मं बोलणं न कळताच माफी मागितली, आणि तिनं ती दिली असावी, कारण महिन्याभरानं ती स्वतः घरी आली. जुनी प्रकरणं चौगुलेंनी बाजूला केली. कट्ट्यावर ते आता लोकांना ओरडून बोलायला लावतात. सर्जेराव वैतागतात, तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगतात आणि दुसऱ्यांदा ती नेमकी जास्त तिखट येते. लिखाण गोगलगायीच्या चालीनं चाललंय.

पण घरातला संशय गेला नाही. त्यानं फक्त बाजू बदलली. पूरण बंद आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. चौगुलेंनी एखादं वाक्य पहिल्या फटक्यात ऐकलं, गालात हसून मान हलवली, की राजमतीबाईंचा हात थांबतो. हा माणूस माझं ऐकतोय, की सोयीसाठी ते परत सुरू केलंय? विचारून काय उपयोग, तो नाहीच म्हणणार. मग त्या आपल्या पद्धतीनं परीक्षा घेतात. कधी, कशी, ते सांगत नाहीत.

परवा नेहमीसारखे दिवस मावळायच्या आत चौगुले जेवायला बसले होते. बाई पाठमोऱ्या, गॅसजवळ. पंखा घरघरत होता.

“आमटीत हत्ती पडलाय ओ,” त्या साध्या आवाजात म्हणाल्या, “जपून वाढून घ्या.”

आणि पळी हातात तशीच धरून, वळून, त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

चौगुलेंचा घास हातातच राहिला. कपाळाला आठी पडली.

“काय?” ते म्हणाले. “हत्ती?”

राजमतीबाईंनी सुटकेचा सुस्कारा सोडला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.